डेब्यू अल्बममधलं पहिलं सिंगल: बीटच्या कागदापासून अल्बम अपलोडपर्यंत कोणतं काम कधी करायचं

पहिला अल्बम करणारे बहुतेक रॅपर क्रम उलटा लावतात. आधी पोस्टर, मग तारीख, मग स्टोरीवर काउंटडाउन, आणि तारीख चार दिवसांवर आल्यावर कुणीतरी विचारतं की बीटचं (ज्यावर रॅप करतो त्या संगीताचं) लायसन्स घेतलंय ना, तेव्हा प्रोड्युसरला मेसेज जातो आणि तो ऑफलाइन असतो. गाणं चांगलं असतं, मेहनत खरी असते, पण रिलीज मात्र घाईत उरकल्यासारखी होते. म्हणून इथं फक्त कामाचा क्रम देतोय.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. सिंगल म्हणजे तुमच्या अल्बमचाच एक ट्रॅक आहे, फक्त तो आधी बाहेर येतोय. आज तुम्ही जे स्पेलिंग, जी ऑडिओ फाइल आणि जो कोड वापराल तेच सगळं उद्या अल्बममध्ये जसंच्या तसं गेलं पाहिजे, नाहीतर सिंगलवर जमवलेले प्ले अल्बमच्या ट्रॅकवर दिसणार नाहीत. पुढच्या प्रत्येक पायरीवर हे आठवायचंय.

आधी वेळेचं गणित

तारीख मागून मोजायची. स्पॉटिफायच्या एडिटरना गाणं पाठवायचं असेल तर ते रिलीजच्या किमान ७ दिवस आधी जावं लागतं, आणि ते पाठवण्यासाठी गाणं तुमच्या स्पॉटिफायच्या आर्टिस्ट अकाउंटमध्ये दिसावं लागतं, आणि ते दिसण्याआधी डिस्ट्रिब्युटर (गाणं सगळ्या स्ट्रीमिंग अ‍ॅपवर पोचवणारी कंपनी) तपासणीला काही दिवस घेतो, आणि त्यात कव्हर रिजेक्ट झालं तर परत काही दिवस. म्हणून फायनल मास्टर (रिलीजसाठी तयार झालेली शेवटची ऑडिओ फाइल) हातात आल्यावर पुढे कमीत कमी चार आठवडे धरा.

वार शुक्रवार धरा. २०१५ पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारी येतात, नव्या गाण्यांच्या मोठ्या प्लेलिस्टपण त्याच दिवशी बदलतात.

अल्बम किती तयार हवा? माझं मत स्पष्ट आहे, ट्रॅकलिस्ट ठरलेली हवी आणि निम्म्याहून जास्त गाणी रेकॉर्ड झालेली हवीत. एकच गाणं तयार असताना "माझ्या अल्बममधलं पहिलं सिंगल" असं म्हणून टाकलं आणि अल्बम वर्षभर आलाच नाही, तर लोक ते सिंगलही विसरतात आणि अल्बमची वाटही बघत नाहीत.

> सावधान: डिस्ट्रिब्युटरचा "मंजूर" असा मेल येईपर्यंत तारीख कुठेही जाहीर करू नका. जवळच्या मित्रांनाही नको, त्यांची स्टोरी तुमच्याआधी पडते.

## पायरी १: कोणतं गाणं सिंगल होणार

इथं रॅपर स्वतःला आवडणारं गाणं उचलतात, म्हणजे ज्यात सगळ्यात अवघड फ्लो आहे किंवा सगळ्यात जास्त पंच आहेत ते. पण पहिलं सिंगल ऐकणाऱ्याला तुमची काहीच माहिती नसते. त्याला तुमचा आवाज, विषय आणि हुक (परत परत येणारा, लक्षात राहणारा भाग) पटकन कळले पाहिजेत.

आता पटकन म्हणजे किती, ते मोजता येतं. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो. समजा तुमचा बीट ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) आहे, म्हणजे एक बार (चार ठोके) साधारण २.६७ सेकंदांचा. ८ बारचा इंट्रो ठेवला तर २१ सेकंद गेले, त्यावर १६ बारचा व्हर्स (रॅपचं कडवं) म्हणजे अजून ४३ सेकंद, म्हणजे हुक येतोय १ मिनिट ४ सेकंदांनी. अनोळखी माणूस तोपर्यंत थांबेल का? तेच २ बारचा इंट्रो आणि लगेच ८ बारचा हुक असं केलं तर २७ सेकंदांत अख्खा हुक कानावर पडून जातो आणि व्हर्स सुरू होतो. गाणं तेच, शब्द तेच, फक्त रचना बदलली. तुमच्या बीपीएमसाठी हिशोब सोपाय, २४० भागिले बीपीएम केलं की एका बारचे सेकंद मिळतात.

पण एक सांगतो, गोष्ट सांगणारं गाणं असेल, ज्यात शेवटच्या व्हर्समध्ये सगळं उलगडतं, तर त्याला हुक पुढे आणून तोडू नका. ते गाणं अल्बममध्येच शोभेल. पहिल्या सिंगलसाठी दुसरं घ्या.

अजून दोन गोष्टी. अल्बममधली स्किट (गाण्यांमधला छोटा संवाद) ऐकल्याशिवाय ज्याचा अर्थ लागत नाही ते गाणं घेऊ नका. आणि पहिल्याच सिंगलवर मोठा फीचर (पाहुणा कलाकार) असेल तर लोक फीचरसाठी येतात आणि त्याचाच व्हर्स ऐकून जातात, म्हणून माझ्या मते पहिलं सिंगल तुमच्या एकट्याच्या आवाजात आणि फीचर दुसऱ्याला.

तपासा: तुम्हाला न ओळखणाऱ्या तीनचार जणांना गाणं एकदाच ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा की काय आठवतंय. हुकमधला एखादा शब्दही कुणाला आठवत नसेल तर गाणं बदला नाहीतर हुकवर परत बसा.

## पायरी २: बीटचा कागद

स्टुडिओ बुक करायच्या आधीची ही पायरी आहे, नंतरची नाही.

यूट्यूबवर "फ्री" लिहिलेला बीट बहुतेक वेळा फक्त विनामोबदला वापरासाठी फ्री असतो. गाणं स्ट्रीमिंगवर गेलं की त्याचे पैसे येतात, मग ते एक रुपया का असेना, आणि तिथं फ्रीची परवानगी संपते. त्यामुळे लीज (ठरावीक अटींवर वापर, बीट इतरांनाही विकला जातो) घ्या किंवा एक्सक्लुझिव्ह (पुढे फक्त तुम्हालाच) घ्या, आणि घेताना लायसन्सचा कागद पूर्ण वाचा, कंटाळा आला तरी वाचा. त्यात बघायचं काय:

- किती स्ट्रीमपर्यंत लीज चालतं आणि किती वर्षं
- म्युझिक व्हिडिओ आणि त्याच्या जाहिरातींचं उत्पन्न चालतं का
- सिंगल आणि अल्बम दोन्हीत वापरता येतं का, की एकाच रिलीजसाठी आहे (हे जवळपास कुणीच विचारत नाही आणि डेब्यू अल्बमवाल्यांना नेमकं हेच नडतं)
- गीत-संगीताच्या हक्कात प्रोड्युसरचा वाटा किती, बऱ्याच लायसन्समध्ये ५० टक्के असतो
- क्रेडिट कसं लिहायचं, टॅग काढायचा की ठेवायचा
- कंटेंट आयडीला (यूट्यूबची ऑडिओ ओळखून क्लेम टाकणारी यंत्रणा) नोंदवायची परवानगी आहे का

शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. लीज म्हणजे तोच बीट अजून दहा, वीस, पन्नास जणांकडे आहे. तुम्ही अपलोड करताना कंटेंट आयडीच्या चौकोनात टिक केली तर यूट्यूब तो बीट तुमचा समजतं आणि बाकी सगळ्यांच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने क्लेम पडतो. प्रोड्युसरच्या स्वतःच्या व्हिडिओवरसुद्धा. मग भांडणं, तक्रारी, आणि डिस्ट्रिब्युटर गाणं काढून टाकू शकतो. लीजवाला बीट असेल तर तो चौकोन रिकामा ठेवायचा, बस.

एक्सक्लुझिव्ह घेतला तरी आधी विकलेली लीज सहसा चालूच राहतात, त्यामुळे आधी किती लीज गेलीत हे विचारून घ्या.

बीट घेतानाच स्टेम्स मागून ठेवा, म्हणजे किक, स्नेअर, ८०८ (खोल बेस), मेलडी सगळं वेगवेगळं. सहा महिन्यांनी मिक्सच्या वेळी मागायला गेलात तर प्रोड्युसरची हार्ड डिस्क उडालेली असू शकते.

सॅम्पल असेल तर

प्रोड्युसरला लेखी विचारा की यात कुणाचं रेकॉर्डिंग वापरलंय का. हो म्हणाला तर दोन परवानग्या लागतात, एक त्या रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि दुसरी मूळ गाण्याच्या गीत-संगीताच्या मालकाची. तीच चाल परत वाजवून घेतली तर रेकॉर्डिंगची परवानगी लागत नाही पण गीत-संगीताची लागतेच. "अमुक सेकंदांपर्यंत चालतं" असा काही नियम नाही, पिच बदलली किंवा उलटं वाजवलं म्हणून ते तुमचं होत नाही. पहिल्या सिंगलसाठी, परवानगी हातात नसेल तर, तो बीट सोडून द्या. मन दुखतं पण गाणं चालायला लागल्यावर काढावं लागलं तर त्याहून जास्त दुखतं.

> सावधान: "भाऊ चालतंय, वापर" हा चॅटचा स्क्रीनशॉट म्हणजे लायसन्स नाही. तुमचं कायदेशीर नाव, बीटचं नाव, तारीख आणि अटी असलेली पीडीएफ पाहिजे.

## पायरी ३: वाटे लिहून घेणं

याला स्प्लिट शीट म्हणतात. एक साधा कागद, त्यावर कुणाचा किती वाटा. हे गाणं लिहून झालं त्याच रात्री करायचं, कारण तेव्हा सगळे खूश असतात आणि पैशांचा विषय अजून आलेला नसतो.

दोन वेगळे हिशोब आहेत आणि लोक ते एकत्र करतात. एक गीत-संगीताचा, म्हणजे शब्द आणि बीट कुणी बनवला. दुसरा मास्टरचा, म्हणजे हे जे रेकॉर्डिंग आहे ते कुणाचं. उदाहरण देतो: शब्द तुमचे, बीट प्रोड्युसरचा, पण हुकच्या चार ओळी आणि चाल गाणाऱ्या मुलीने लिहिली. मग गीत-संगीतात प्रोड्युसर ५०, तुम्ही ३५, ती १५ असं काहीतरी ठरेल. मास्टर मात्र खर्च तुम्ही केला म्हणून पूर्ण तुमचा असू शकतो किंवा त्यात प्रोड्युसरला काही टक्के असतील. दोन्हीकडे बेरीज १०० झाली पाहिजे, ९५ पण नको आणि ११० पण नको. मिक्स करणाऱ्याला सहसा फी असते, लिहिण्याचा वाटा नसतो, पण ते बोलून घ्या, गृहीत धरू नका.

कागदावर प्रत्येकाचं स्टेजचं नाव आणि कायदेशीर नाव दोन्ही लिहा, ईमेल लिहा, आणि रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा सदस्य असेल तर संस्थेचं नाव आणि सदस्य क्रमांक. स्वतः अजून सदस्य नसाल तर आपल्या देशातल्या संस्थेत नाव नोंदवून घ्या, कारण डिस्ट्रिब्युटर तुम्हाला रेकॉर्डिंगचे पैसे देतो, गीतकार म्हणून येणारे पैसे वेगळ्या वाटेने येतात आणि नोंदणी नसेल तर ते तसेच पडून राहतात.

तपासा: लायसन्सची पीडीएफ, स्टेम्स, सही झालेली स्प्लिट शीट आणि फीचर असेल तर त्याची लेखी परवानगी, हे एका फोल्डरमध्ये आहे का? आहे, तर आता स्टुडिओ बुक करा.

## पायरी ४: रेकॉर्डिंग

तयारी घरीच करायची. शब्द कागदावर काढा आणि श्वास कुठे घेणार तिथे खूण करा. १६ बारमध्ये कुठेच श्वासाला जागा नसेल तर स्टुडिओत पंच-इन करून (तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून) तो व्हर्स होईल, पण शोमध्ये तो तुमच्याच्याने होणार नाही, आणि ऐकणाऱ्यालाही कुठेतरी दम लागल्यासारखं वाटतं. एखादा शब्द कमी करा. रिकामा अर्धा बार कधीकधी पंचपेक्षा जास्त लागतो.

सेशन उघडताना बीटची फाइल ४४.१ किलोहर्ट्झची आहे की ४८ ची ते बघा आणि प्रोजेक्ट त्याच सेटिंगवर ठेवा, नाहीतर काही सॉफ्टवेअरमध्ये बीटचा वेग आणि पिच दोन्ही सरकतात आणि सगळं रेकॉर्ड झाल्यावर लक्षात येतं. २४ बिट ठेवा. एमपीथ्री बीटवर फायनल रेकॉर्डिंग करू नका.

माइकपासून साधारण वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर. आवाज सगळ्यात जोरात असताना मीटर उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागला म्हणजे तो टेक गेला, कितीही भारी असला तरी, कारण फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

रेकॉर्ड करायचा क्रम असा: आधी लीड (मुख्य आवाज) पूर्ण, मन भरेपर्यंत. मग डबल्स (तेच शब्द परत बोलून लीडवर ठेवलेले). मग अ‍ॅड-लिब्स (मागून टाकलेले छोटे शब्द, आवाज). नवीन माणूस अख्ख्या व्हर्सवर डबल घेतो आणि मग शब्द चिखलासारखे होतात. डबल फक्त यमकाच्या शब्दावर आणि पंचच्या शेवटच्या तीनचार शब्दांवर घ्या, हुकवर पूर्ण घेतलं तरी चालेल. आणि डबल लीडपेक्षा थोडा हळू आवाजात बोला, त्यात "स" आणि "श" जवळपास गिळा, म्हणजे दोन सीटी एकावर एक वाजत नाहीत.

अल्बमसाठी एक महत्त्वाचं: माइक कोणता होता, अंतर किती, गेन कितीवर, खोली कोणती, हे सगळं लिहून ठेवा आणि फोटो काढा. बाकीची गाणी तीन महिन्यांनी रेकॉर्ड करताना सेटअप वेगळा झाला तर अल्बम ऐकताना वाटतं की प्रत्येक ट्रॅकवर माणूस दुसऱ्या खोलीत गेलाय.

## पायरी ५: मिक्स, आणि त्याच बैठकीत सगळी व्हर्जन

स्टेम्स नसतील आणि एकच स्टिरिओ बीट असेल तर तो बहुतेक वेळा आधीच पूर्ण लाउड केलेला असतो. त्यावर आवाज बसवायला गेलात की सगळं फाटतं. आधी बीट ६ डेसिबलने खाली घ्या आणि मग सुरू करा. आवाजाला ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कट, ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये डी-एसर ("स"ची सीटी कमी करणारा), आणि बीटमध्ये २ ते ४ किलोहर्ट्झच्या भागात हलकीशी जागा करा, शब्द तिथेच कळतात. बाकी मिक्स ज्याचं काम त्याला करू द्या, त्याच्या मागे बसून "अजून लाउड" म्हणत राहू नका.

मिक्स तपासायचा एकच साधा मार्ग सांगतो. आवाज इतका कमी करा की शेजारी कुणी बोललं तर त्याचं बोलणं जास्त ऐकू येईल. तेवढ्यातही तुमचा प्रत्येक शब्द कळतोय का? रॅपमध्ये शब्दच गेले तर राहिलं काय. त्यानंतर फोनच्या स्पीकरवर ऐका, तिथं ८०८ गायब होतो, म्हणून त्याला वरचं थोडं डिस्टॉर्शन लागतं का ते बघा.

आता व्हर्जन. मूळ, क्लीन, इन्स्ट्रुमेंटल, फक्त आवाज, आणि शोसाठी एक ज्यात लीड काढलाय पण हुक आणि डबल्स आहेत. पाचही त्याच दिवशी काढून घ्या, सेशन बंद झालं की परत उघडायला कुणाला वेळ नसतो.

क्लीन व्हर्जन लोक फार ढिसाळ करतात. फायनल मास्टरमध्ये शिवीच्या जागी आवाज बंद केला की बीटपण बंद होतो, गाण्याला भोक पडल्यासारखं वाटतं. ते मिक्सच्या सेशनमध्येच करायचं, फक्त आवाजाचा ट्रॅक म्यूट किंवा उलटा करून. आणि इथं बारकाईने बघा: लीडमधला शब्द म्यूट केला, पण तोच शब्द डबलमध्ये आहे, अ‍ॅड-लिबमध्ये परत एकदा ओरडलाय, आणि ओळीच्या शेवटी जो डिले (पडसाद) टाकलाय तो म्यूटच्या नंतरही त्या शब्दाचं शेपूट वाजवतोय. चारही जागा साफ झाल्या पाहिजेत. हेडफोन लावून, शब्दांचा कागद समोर ठेवून, प्रत्येक शिवीवर बोट ठेवून ऐका.

तपासा: फाइलच्या नावात गाण्याचं नाव, व्हर्जन आणि तारीख आहे का? "फायनल_फायनल_नवीन२" असं नाव असेल तर आत्ताच बदला, चुकीची फाइल अपलोड होते ती अशाच नावामुळे.

## पायरी ६: मास्टर

स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सवर (लाउडनेस मोजायचं एकक) आवाज समान करतं, म्हणून मास्टर बरोबर तेवढाच पाहिजे असा एक समज पसरलाय. तसं काही बंधन नाही. जास्त लाउड असेल तर ते खाली घेतात एवढंच. ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) मात्र उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, मास्टर फार लाउड असेल तर उणे २, नाहीतर एमपीथ्रीसारख्या फॉरमॅटमध्ये जाताना फाटतं.

डेब्यू अल्बमवाल्यांसाठी खरा प्रश्न वेगळाय. आज सिंगल मास्टर झालं, नंतर अल्बम मास्टर करताना इंजिनिअर म्हणतो की हे पण परत करूया म्हणजे सगळं एकसारखं होईल. आणि ऑडिओ बदलतो. ते टाळायला सिंगल मास्टर करतानाच अल्बममधली अजून दोनतीन गाणी, कच्ची का असेनात, त्याला ऐकायला द्या आणि सांगा की हे सिंगल आता अल्बमचा मापदंड आहे, बाकीची याला जुळवायची.

शेवटची फाइल वेव फॉरमॅटमध्ये, २४ बिट. सुरुवातीला दोन सेकंदांची शांतता नको, शेवटची रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) मध्येच कापलेली नको.

## पायरी ७: अपलोडचा फॉर्म

पंधरा मिनिटांचं काम समजून रात्री दोन वाजता भरतात आणि इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. फॉर्म भरायच्या आधी सगळी माहिती एका शीटमध्ये लिहा, मग तिथून कॉपी करा.

आर्टिस्टचं नाव: आधी प्रत्येक प्लॅटफॉर्मवर शोधा. तुमच्याच नावाचा दुसरा कुणी असेल तर गाणं त्याच्या पेजवर जाऊ शकतं. एकदम नवीन असाल तर नावात काहीतरी बदल करायची हीच वेळ आहे, अल्बमनंतर बदलणं फार कठीण. देवनागरी लिहायचं की रोमन तेही एकदाच ठरवा. आधीचं गाणं असेल तर आपल्या पेजची लिंक फॉर्ममध्ये नीट जोडा.

गाण्याचं नाव: फक्त नाव. त्यात फीचरचं नाव नको, प्रोड्युसरचं नको, "ऑफिशियल" नको. फीचर आर्टिस्टला वेगळी जागा असते, तिथं त्याची भूमिका निवडली की प्लॅटफॉर्म स्वतःच नाव जोडतो.

गीतकार आणि संगीतकार: कायदेशीर पूर्ण नावं, स्प्लिट शीटवर जशी आहेत तशी.

शिव्या असतील तर एक्सप्लिसिटची खूण करा, लपवली तर गाणं परत येतं. क्लीन व्हर्जनला क्लीनची खूण, आणि त्याला वेगळा आयएसआरसी लागतो, कारण ते वेगळं रेकॉर्डिंग धरलं जातं.

आयएसआरसी म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, १२ अक्षर-अंकांचा कोड, बहुतेक डिस्ट्रिब्युटर तो देतात. यूपीसी हा अख्ख्या रिलीजचा कोड. सिंगलचा यूपीसी आणि अल्बमचा यूपीसी वेगळे असणार, पण गाण्याचा आयएसआरसी दोन्हीकडे एकच राहणार. मिळाला की लगेच शीटमध्ये लिहून ठेवा.

> सावधान: काही डिस्ट्रिब्युटर वर्षाची फी घेतात आणि फी थांबली की गाणी उतरवतात. अल्बम दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून टाकायचा विचार असेल तर तो आत्ताच करा, सिंगल एकीकडे आणि अल्बम दुसरीकडे हा गुंता नको.

कव्हर: चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी. त्यावर वेबसाइट, सोशल मीडियाचं हँडल, स्ट्रीमिंग अ‍ॅपचे लोगो, "लवकरच येतंय" यातलं काही नको, या कारणांनी कव्हर परत येतं. कव्हरवर नाव लिहिलं असेल तर ते फॉर्ममधल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. फोटो दुसऱ्याने काढला असेल तर त्याची परवानगी घ्या. आणि अंगठ्याच्या नखाएवढं छोटं करून बघा, लोक ते तेवढंच बघणार आहेत.

## पायरी ८: मंजुरी ते रिलीज, मधले आठवडे

गाणं आर्टिस्ट अकाउंटमध्ये दिसलं की त्याच दिवशी पिच करा, म्हणजे एडिटरना पाठवा. ७ दिवसांची मर्यादा पाळली की निदान तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये (स्पॉटिफायची नव्या गाण्यांची वैयक्तिक प्लेलिस्ट) गाणं जातं, एडिटरने घेतलं नाही तरी. रिलीज झाल्यावर पिच करता येत नाही आणि एका वेळी एकच गाणं करता येतं.

लिहायला ५०० अक्षरं मिळतात. "हे गाणं आग आहे" यात ती घालवू नका. बीट कसा आहे, विषय काय, कुणी प्रोड्युस केलं, अल्बम कधी येतोय, व्हिडिओ आणि शो काय ठरलेत, हे सरळ लिहा. मूडच्या पर्यायांमध्ये खोटं बोलू नका, शांत गाण्याला पार्टी म्हटलं तर ते चुकीच्या लोकांपर्यंत जाईल आणि ते स्किप करतील.

याच काळात शब्द म्युझिक्समॅचवर (गाण्यांच्या शब्दांची साइट) टाकायची तयारी करा, कॅनव्हाससाठी (स्पॉटिफायवर गाणं वाजताना दिसणारा व्हिडिओ) ३ ते ८ सेकंदांचा उभा व्हिडिओ बनवा, आणि रील्ससाठी गाण्यातला एकच तुकडा ठरवा. पाच वेगवेगळे तुकडे टाकले तर एकही डोक्यात बसत नाही.

> सावधान: "हमखास ५० हजार स्ट्रीम" देणारे मेसेज या दिवसांत येतातच. पैसे देऊन प्लेलिस्टवर खोटे स्ट्रीम घेतले तर ते पकडले जातात, स्ट्रीम वजा होतात, डिस्ट्रिब्युटरला दंड बसतो आणि तो गाणं काढू शकतो. तुमच्या पहिल्या अल्बमचा पाया असा घालू नका.

## पायरी ९: रिलीजचा दिवस आणि नंतर

सकाळी पोस्ट टाकण्याआधी स्वतः प्रत्येक प्लॅटफॉर्मवर गाणं उघडा. आपल्याच पेजवर आलंय का, एक्सप्लिसिटची खूण आहे का, पूर्ण वाजतंय का, क्रेडिटमध्ये प्रोड्युसरचं नाव आहे का. मगच लिंक द्या.

लोकांना नुसतं "ऐका" सांगू नका, सेव्ह करायला सांगा, फॉलो करायला सांगा. अल्बम येईल तेव्हा तेच फॉलोअर्स रिलीज रडारमध्ये पहिले येतात.

तुमच्याच म्युझिक व्हिडिओवर यूट्यूबचा क्लेम आला तर घाबरून डिस्प्युट ठोकू नका. आधी कुणाचा क्लेम आहे ते बघा. तुमच्याच डिस्ट्रिब्युटरचा असेल तर त्याला चॅनलची लिंक पाठवून मोकळं करून घेता येतं. त्याच बीटवाल्या दुसऱ्या रॅपरचा असेल तर लायसन्सची पीडीएफ लागेल, म्हणून ती फोल्डरमध्ये ठेवायला सांगितली.

साधारण महिनाभराने आकडे बघा. प्लेपेक्षा सेव्ह जास्त सांगतात. प्ले भरपूर पण सेव्ह नगण्य असतील तर लोकांनी उत्सुकतेने उघडलं आणि सोडलं. दुसरं सिंगल कोणतं घ्यायचं ते यावरून ठरवा.

## पायरी १०: तेच सिंगल अल्बममध्ये घालताना

इतकं सगळं नीट करून इथं माती होते. अल्बम अपलोड करताना फॉर्म नवीन आयएसआरसी आपोआप देतो, आणि तुम्ही पुढे जा दाबता. मग प्लॅटफॉर्मला ते नवीन रेकॉर्डिंग वाटतं आणि काउंट शून्यापासून. याचा फटका फक्त दिसण्यापुरता नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. तुमचं गाणं १४०० ला पोचलं असतं, पण ते ७०० आणि ७०० असं दोन कोडमध्ये फुटलं तर दोन्हीकडे काहीच नाही.

म्हणून चार गोष्टी जशाच्या तशा: आयएसआरसी, ऑडिओ फाइल, गाण्याचं नाव, आर्टिस्ट आणि फीचरची नावं. "अल्बम व्हर्जन" असं पुढे जोडू नका.

स्किट हवी असेल तर ती आधी वेगळा ट्रॅक म्हणून टाका. सिंगलच्या सुरुवातीला २० सेकंदांची स्किट चिकटवली की लांबी बदलली, ऑडिओ बदलला, आणि ते वेगळं गाणं झालं. तसंच बीटचं लीज अल्बमलाही लागू आहे ना, स्ट्रीमची मर्यादा संपत आली नाही ना, हे अपलोडच्या आधी परत बघा. संपत आली असेल तर आत्ताच वाढवून घ्या.

सिंगल काढून टाकू नका. "आता अल्बम आला, डबल कशाला" असं वाटतं, पण लोकांनी शेअर केलेल्या लिंक आणि प्लेलिस्ट त्याच सिंगलला जोडलेल्या असतात.

शेवटची तपासणी: अल्बम आल्यावर काही दिवस जाऊ द्या, मग सिंगल आणि अल्बममधला तोच ट्रॅक शेजारीशेजारी उघडा. आकडा दोन्हीकडे सारखा दिसतोय का? दिसत नसेल तर दोन्ही रिलीजचे यूपीसी आणि गाण्याचा आयएसआरसी लिहून डिस्ट्रिब्युटरच्या सपोर्टला मेल करा. कोड एकच असून आकडे वेगळे असतील तर जोडून द्यायला सांगा, कोडच वेगळा पडला असेल तर अल्बममधला दुरुस्त करून मागा, आणि दुरुस्ती होईपर्यंत दोन्हीपैकी काहीही डिलीट करू नका.